तांड्याचं टिंब

ऋतू दरवर्षी येतात, असं मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. एक ऋतू मात्र दहा वर्षांतून एकदाच येतो, हे पुस्तकात नव्हतं म्हणून शिकवायचं राहून गेलं. तो येतो फेब्रुवारीत. आमच्याकडे तेव्हा हळद काढून झालेली असते. शेताशेतात मोठाल्या कढया चढलेल्या असतात आणि शिजणाऱ्या हळदीचा ओला, मातकट वास वाऱ्यावर कोसभर जातो. पळसाला पानं नसतात, नुसती फुलं. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी डोक्यावर रुमाल. आणि गावोगावचे मास्तर काखेत कागदांची पिशवी मारून दारोदार विचारत फिरत असतात, "घरात माणसं किती?" जनगणनेचा ऋतू.

आता मी निवृत्त होऊन हिंगोलीला घरी बसलोय. पुढची गणना यायला अजून दोनेक वर्षं आहेत, आणि आली तरी मला कुणी बोलवायचं नाही. पण परवा बाजारातून येताना हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. तो वास नाकात गेला आणि पाय थांबले. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." तिला माहीत असतं. दर फेब्रुवारीत मी चार-दोन दिवस असा असतो. ती तेवढे दिवस माझ्याशी वाद घालत नाही, एरवी हट्ट्याची माणसं वादात हार जात नाहीत आणि तिचं माहेर हट्ट्याचं आहे.

आमचं घराणं देवळाच्या पूजेअर्चेतलं. वडील मात्र तहसिलात कारकून झाले. त्यांच्याकडून मला दोन गोष्टी मिळाल्या: वळणदार अक्षर आणि नियमाचं वेड. कागदावर रेघ ओढायची तर पट्टीनं, आणि पट्टी नसेल तर ओढायचीच नाही, असा मी माणूस. वारंगा फाट्याजवळच्या एका गावात शाळेवर होतो. भूगोल शिकवायचो. भूगोलात माझा जीव नकाशात, आणि नकाशातही लोकसंख्येच्या. डोंगर, नद्या काय, आपल्या जागी बसलेल्या असतात. माणसं हलतात, वाढतात, दाटतात. ती कागदावर कशी मांडायची, हे मला फार मोठं कोडं वाटायचं आणि ते सोडवण्याच्या रीती फार देखण्या.

एक रीत रंगांची. एका चौरस किलोमीटरमागे माणसं किती, ते काढायचं, त्याला घनता म्हणायचं. कमी घनतेला फिका पिवळा, जास्तीला गडद तपकिरी. दिसायला छान, पण त्यात एक लबाडी असते. तालुका एका रंगात रंगवला की कयाधू नदीच्या काठची दाटीची गावंही तेवढीच तपकिरी आणि माथ्यावरचा उघडा माळही तेवढाच तपकिरी. म्हणून मला दुसरी रीत आवडायची. टिंबांची. एक टिंब म्हणजे पाचशे माणसं, असं ठरवायचं आणि जिथं माणसं राहतात तिथंच टिंब द्यायचं. कळमनुरी तालुक्याचा नकाशा आखायचा, फाट्याजवळ टिंबांचा घोळका, नदीकाठानं टिंबांची ओळ, वर माळरानाकडे पांढरा कागद. सातवीच्या पुस्तकात हे नव्हतं. मी हौसेनं शिकवायचो. मुलं मनात शिव्या देत असतील.

जमना माझ्या सातवीत होती. माळावरच्या बंजारा तांड्यावरून दोन मैल चालत यायची, उशिरा यायची, आणि आली की पहिल्या रांगेत बसायची. काटकुळी, मोठ्या दातांची, केसांना तेल चोपडलेलं. तिच्या घरची माणसं एके काळी बैलांवर माल लादून मुलखामुलखात फिरलेल्यांची पोरं-नातवंडं. आता माळावर थोडी कोरडवाहू जमीन आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणं. माझ्या वर्गात दिशा सगळ्यात पक्क्या तिच्याच होत्या. "सूर्य पाठीशी हाय तर फाटा उजव्या हाताला," असं ती डोळे मिटून सांगायची.

नव्वद सालच्या पावसाळ्यात मी वर्गाला टिंबांचा नकाशा दिला. जमनानं बराच वेळ कागद पाहिला आणि हात वर केला.

"सर, आमचा तांडा कुठाय ह्यात?"

"गावाच्या टिंबात धरलाय."

"पन आमी गावात न्हाई. माळावर हाव."

"पाचशे माणसं झाल्याशिवाय टिंब मिळत नाही, जमना. तुमचा तांडा दीडशे-दोनशेचा."

 ती अगदी सरळपणे म्हणाली, "तर मग अर्धं टिंब द्या."

वर्ग हसला. मीही हसलो. टिंबाचे तुकडे होत नाहीत, असं काहीतरी म्हणालो. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला आल्या तर तिच्या नकाशात माळावर एक इवलंसं टिंब होतं. इतरांच्या टिंबांच्या पाव आकाराचं, पण जागा अचूक. दोन ओढ्यांच्या मधे, टेकाडाच्या दक्षिणेला. मी तो तांडा तोवर पाहिलाही नव्हता, आणि पुढं पाहिला तेव्हा तिच्या टिंबावरून मला तो बिनचूक सापडला असता.

मी तिला टेबलाजवळ बोलावलं आणि म्हणालो, "खोड."

तिच्याकडे खोडरबर नव्हता. तिनं बोट थुंकीनं ओलं केलं आणि घासायला लागली. खाली मान घालून बराच वेळ घासत राहिली. टिंब गेलं, पण कागदही गेला. तिथं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं. मी दहापैकी सात गुण दिले. स्वच्छतेचे तीन कापले.

दिवाळी झाली आणि तांडा हलला. कारखान्याचे ट्रक फाट्यावर येऊन उभे राहायचे. बैल, भांडी, कोंबड्या, पोरं सगळं एकात एक कोंबून माणसं निघून जायची. तिथं मोजदादीची तिसरीच तऱ्हा. कारखान्याचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. पोरं कशातच नाहीत. ती आपली बरोबर असतात. जमनाची आई शेवंता त्या साली पोटुशी होती. धाकटे दोन भाऊ सांभाळायला, भाकरी थापायला कुणीतरी हवं, म्हणून जमना निघाली होती. कोयत्यात ती धरलेली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली. मी हजेरीपट भरत होतो.

"सर, आमी चाललो उद्या. परीक्षेला येते मी. माझं नाव ठिवा."

"वेळेवर ये," मी म्हणालो.

"येते. नाव तेवढं ठिवा."

मी मान हलवली. पुढच्या महिन्यात तपासणी आली. सलग गैरहजर मुलांची नावं पटावर ठेवायची नाहीत, असा दंडक होता. मी लाल शाईनं, पट्टी लावून, तिच्या नावावर आडवी रेघ मारली. आली की परत घालू, असं स्वतःला सांगितलं. रेघ फार सरळ आली होती, हे अजून आठवतं.

फेब्रुवारी लागला. आम्हा मास्तरांना तहसिलात बसवून गणनेचं शिक्षण दिलं. तिथं जो नियम सांगितला तो ऐकून मी खूश झालो होतो, खोटं का सांगू. मोजणीच्या त्या वीस दिवसांत जो माणूस जिथं राहत असेल तिथं त्याला लिहायचं. सगळे दिवस बाहेरगावी असेल तर त्याच्या घरी लिहायचं नाही. तो असेल तिथला मोजणीवाला त्याला लिहील. मग एक मार्चचा सूर्य उगवला की काटा थांबला. त्या उजेडात जो श्वास घेतोय तो देशात, उरलेले नाहीत. म्हणजे कुणी दोनदा येणार नाही आणि कुणी सुटणार नाही. कागदावर तो नियम फार देखणा होता.

माझ्या वाट्याला गाव आणि माळावरचा तांडा आला. सायकल ओढ्याकाठी ठेवून मी टेकाड चढलो. आधी नजरी नकाशा काढायचा असतो: पक्क्या घराला चौकोन, कच्च्या घराला त्रिकोण. माझा अख्खा तांडा त्रिकोणांचा. बहुतेक दारांना कुलपं, आणि कुलपावर विश्वास नाही म्हणून वर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. गेरूनं लिहिलेले घरांचे नंबर तेवढे दारांवर. कुठं शेळ्या, कुठं खाटेवर एखादा म्हातारा. वर्गात मी मुलांना 'लोकसंख्येचा भस्मासूर' नावाचा निबंध दर वर्षी लिहायला लावायचो. त्या भस्मासुराला मोजायला मी माळावर आलो होतो, आणि समोर होती सात शेळ्या राखत बसलेली एक म्हातारी.

ती जमनाची आजी. पुतळाबाई नाव, अख्खा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. हातभर बलोयी, म्हणजे हस्तिदंती बांगड्या, कपाळावर गोंदण. तिनं मला लोटाभर पाणी दिलं आणि मी फॉर्म काढला.

"घरात माणसं किती, आजी?"

"मानसं मोजत नसतेत, गुरुजी. नजर लागते."

"मग मी लिहू काय?"

"भाकरी मोजा की. आता रोजच्या दोन. माझ्याच." मग तिनं बोटं उघडली. "दिवाळीपतुर तेरा व्हत्या. माझ्या ल्योकाच्या, थावऱ्याच्या, चार, सुनंच्या तीन. दोन्ही बारक्यांची एक-एक. माझ्या दोन. अन् दोन जमनीच्या. लिवा."

तेरा भाकरी, सहा माणसं. हिशेब चोख होता. मी माझ्या मास्तरी आवाजात तिला नियम समजावून सांगितला. जे बाहेर आहेत ते तिथंच लिहिले जातील.

"तितं कोन वळखतंय त्यांना?"

"ओळख लागत नाही, आजी. मोजणीवाला फडावरच्या प्रत्येक झोपडीवर, कोपीवर जातो."

"अन् न्हाई गेला तर?"

"जातो. बंधन आहे त्याला."

 याडी जवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, जणू आम्हा दोघांतच ठरवायची गोष्ट आहे, "बाकीचे ऱ्हाऊ द्या. जमनीला तेवढं लिवा. ती तर तुमच्या शाळंतली हाय. तुमी वळखता तिला."

"ओळखतो. पण ती इथं नाही ना आत्ता."

"येनारच हाय की माघारी."

"आजी, नियम नाही तसा."

ती वाद घालत बसली नाही. मी लिहिलं: एक. स्त्री. विधवा. याडीनं रिकामा लोटा उचलला आणि एका शेळीला हाकललं. उतरताना मला वाटलं होतं, काम कसं बिनचूक झालं.

आता विचार करतो तेव्हा त्या फेब्रुवारीचा नकाशा डोळ्यांपुढं येतो. आमच्या माळांवरची टिंबं उचलून कुणीतरी पश्चिमेला उसाच्या फडांत ओतली होती. माळ फिका पिवळा आणि फड तपकिरी, ते खरंच होतं. पण ते एका सकाळचं खरं. श्रावणात मोजलं असतं तर तांड्यावर माणसांची दाटी दिसली असती, आणि फडांत नुसता ऊस. घनतेचा नकाशा म्हणजे माणसं कुठं आहेत ते, कुठली आहेत ते नव्हे. हे मला तेव्हाही कळत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी पाच गुणांचं उत्तर लिहिलं असतं.

एक ते पाच मार्च फेरतपासणी असते. परत प्रत्येक घरी जायचं. मधल्या काळात जन्मलेलं लेकरू वाढवायचं आणि कुणी वारलं असेल तर खोडायचं. मी टेकाड चढून वर गेलो तर याडी दारात बसली होती. शेळ्या सोडलेल्या नव्हत्या, दाव्यांना ओढत ओरडत होत्या. मी नेहमीसारखं विचारलं, "काही बदल, आजी?"

"जमनी गेली, गुरुजी."

मला आधी वाटलं, कुठं गेली? पुन्हा दुसऱ्या फडावर?

"सांगावा आला फाट्यावरून. उसाच्या गाडीवर बसली व्हती म्हने, वर. रस्ता खराब. खाली पडली अन् चाक गेलं." याडी हे माझ्याकडे न बघता बोलत होती. "तितंच जाळली. आठ दिस झाले. मला म्हाईतच न्हाई, मी हितं दोन-दोन भाकरी खाऊन राहिले."

 हातातली पाटी, तिला लावलेले कागद, चिमटा, सगळं जड झालं. तीच पुढं म्हणाली, "तवा तुमी लिवलं असतं तर?"

आणि मी, देवा, मी तिला नियम सांगितला. म्हणालो, "लिहिलं असतं तरी आज खोडावं लागलं असतं, आजी. एक मार्चच्या आधी वारलेलं माणूस धरत नाहीत." शब्दन्‌शब्द बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर तेच उत्तर बरोबर.

याडीनं मान वर केली. रागावली नव्हती. "खोडलं असतं तर खोडलं असतं," ती म्हणाली. "इतके दिस तर असती की कागदावर."

मग तिनं विचारलं, "शाळंत तर नाव हाय ना तिचं?"

मी म्हणालो, "आहे."

आयुष्यात मी कागदाशी कधी खोटं बोललो नाही. माणसाशी बोललो ते हे. घरी आलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरीपट काढून त्या रेघेकडे बघत बसलो. लाल शाई थुंकीनं निघत नाही. तिच्या नकाशाचा कागद वह्यांच्या गठ्ठ्यात होता, तो तेवढा काढून घेतला आणि घरी नेला. तो अजून माझ्या पेटीत आहे. उजेडापुढं धरला की माळावरच्या त्या भोकातून पलीकडचं दिसतं.

ती फडावर तरी मोजली गेली होती का? मी खूपदा याचा हिशेब मांडला. तिथला मोजणीवाला ती असताना कोपीवर पोचला असेल, तर त्यानं तिला लिहिलं असेल आणि फेरतपासणीत खोडलं असेल. नंतर पोचला असेल, तर लिहिलंच नसेल. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. टिंबात नाही, कोयत्यात नाही, पटावर नाही, गणनेत नाही. जन्माची नोंद तांड्यावर कुणी करत नव्हतं. तेरा वर्षांचं माणूस या जगात येऊन गेलं, याचा दाखला फक्त याडीच्या परातीत होता, दोन भाकरींचा. तीनदा तिचं काहीतरी माझ्या हातात आलं होतं, आणि तीनही वेळा नियम माझ्या बाजूचा होता.

गणनेचे आकडे आले. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिताना लोक वर्तमानपत्र वाचून म्हणायचे, "माणसं लई झाली बुवा." मीही मान हलवायचो. पण त्या वर्षापासून मी भस्मासुराचा निबंध देणं बंद केलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, काहून बंद केला, चांगला विषय आहे. म्हटलं, मुलं गाईडातून उतरवतात. तेही खरंच होतं.

दहा वर्षं गेली. मधे आमचा जिल्हा परभणीतून सुटून हिंगोली झाला. नकाशे नवे आले, मी हौसेनं भिंतीवर लावले. नव्या जिल्ह्याची सीमा मी मुलांकडून बोटानं गिरवून घ्यायचो. माळावरच्या तांड्याला अजूनही टिंब नव्हतं. मी चाळिशीतून पन्नाशीकडे सरकलो आणि दोन हजार एकच्या फेब्रुवारीत मोजणीचा तोच गट माझ्या नावानं निघाला. मी बदलून मागू शकलो असतो. मागितला नाही.

तीच चढण, तोच हळदीचा वास. या खेपेला नजरी नकाशात चार-पाच चौकोन आले, पत्र्याच्या-सिमेंटच्या घरांचे. बाकी त्रिकोण. कुलपं तशीच, बाभळीच्या फांद्या तशाच. याडी जाऊन पाच वर्षं झाली होती. मी धीर करून त्या दारापुढं उभा राहिलो तर दार उघडं होतं. जमनाची आई शेवंता घरी होती. फडावरून त्या साली जी परत आली, ती पुन्हा कधी ऊस तोडायला गेली नाही, हे मला गावात कळलं होतं. नवरा आणि दोन्ही पोरं जायची, ती मागं राहायची. नवऱ्याला आता अर्ध्या कोयत्यावर जावं लागायचं. शेजारी एक नऊ-दहा वर्षांची पोरगी पाटीवर गणितं करत बसली होती. नंदा. त्या साली पोटात होती ती.

"बसा, गुरुजी," शेवंता म्हणाली. "थावरा अन् पोरं न्हाईत. त्यांना लिवू नका, म्हाईत हाय मला. याडी सांगून गेली."

मी खाली मान घालून लिहीत गेलो. नाव, वय, शिक्षण, काम. पाण्याचा लोटा तोच वाटला. मग फॉर्मच्या शेवटाकडे ते दोन प्रश्न आले. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला विचारायचे असतात. हयात मुलं किती, मुली किती. आणि मग, आजवर जिवंत जन्मलेली मुलं किती, मुली किती. असे प्रश्न मी त्या आठवड्यात शे-दीडशे बायकांना विचारले होते. एकेकीच्या दुसऱ्या उत्तरात आकडा एखाद्यानं वाढायचा आणि मी पुढं जायचो.

"मुलं?"

"दोन. गेलेत तोडीला."

"मुली?"

"एक. ही काय, नंदी."

मी लिहिलं. मग पेन तसंच धरून ठेवलं. पुढचा प्रश्न मला पाठ होता, उत्तरही मला ठाऊक होतं. न विचारता लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण तिच्या तोंडून यायला हवं होतं, तसा नियमच होता. दहा वर्षांत त्या नियमानं पहिल्यांदाच मला जे विचारायला लावलं, ते मी होऊन कधी विचारू शकलो नव्हतो.

"शेवंताबाई, जन्मलेल्या मुली किती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमाला तर म्हाईत हाय, गुरुजी. मग काहून इचारून राहिले?"

"तुम्ही सांगितलं तरच लिहिता येतं."

"गेलेलीला बी लिवतेत?"

"या रकान्यात लिहितात."

बाहेर शेळी ओरडत होती. शेवंतानं पदर तोंडाशी धरला, सोडला.

"दोन," ती म्हणाली. "दोन पोरी झाल्या मला."

मी दोन लिहिलं. आणि मग जे दहा वर्षं घशात होतं तेही बोलून टाकलं. "शाळेतलं तिचं नाव मी कापलं होतं. ती ठेवा म्हणाली होती. याडीला मी खोटं सांगितलं."

"याडीला ठावं व्हतं," शेवंता म्हणाली. "शाळंत जाऊन इचारून आली व्हती ती. तुमाला वाईट वाटंल म्हून बोलली न्हाई."

 तिनं हात पुढं केला. "कुठं लिवली, दावा."

मी फॉर्म फिरवून तिच्यापुढं धरला आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं. नाव नाही, वय नाही. वर एक, खाली दोन, आणि त्या दोहोंमधल्या फरकात जमना. ही चौकट लोकसंख्येत धरत नाहीत. तिचं टिंब होत नाही, रंगही होत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, पण मी बोललो नाही. नियम सांगायची खोड त्या दिवशी कशी कोण जाणे गप्प बसली.

नंदा पाटी ठेवून उठून आली. तिला वाचता येत होतं. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं मोठ्यानं वाचलं, "हयात मुली, एक. जन्मलेल्या मुली, दोन." मग आईकडे बघितलं. "दुसरी कोन?"

तेव्हा मला कळलं, या घरात ते नाव दहा वर्षं कुणी काढलंच नव्हतं. शेवंतानं तिला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं आणि बोलू लागली. मराठी सोडून त्यांच्या बोलीत, आधी अडखळत, मग भराभर. ती बोली मला येत नाही. मधेच तिनं दातांकडे बोट नेलं, मधेच शाळेच्या दिशेला हात केला, आणि एकदा ती चक्क हसली. जमना, एवढा एकच शब्द मला त्यात कळत होता. मला अजून तीस घरं करायची होती. तरी मी पेनाला टोपण लावून तिथंच बसून राहिलो. ते नाव किती वेळा आलं, ते मी मोजलं नाही.